केंड

खारवीवाडी–कोंडसर तरीच्या ग्रुपवर
एकशे बेचाळीस माणसं आहेत
आणि एक भार्गव तोडणकर.

पहाटे सहाला मी लिहिते :
आज भरती पावणेआठ. पहिली तर सातला. सुट्टे आणावेत.
सहा वाजून एक मिनिटानं तो :
आज दशमी. दहा पाऊणे साडेसात.
पंधरा मिनिटं कुठून आणलीत, बाई?

मी बंदरखात्याच्या छापील कोष्टकाचा फोटो टाकते.
तो म्हणतो, फोटो तिरका आहे.

मग पुण्याहून उल्हास बिर्जे उतरतो भांडायला,
ज्यानं चार वर्षांत आमची खाडी बघितलेली नाही.
तो एक लिहितो, हा तीन.
दुपारपर्यंत तर राहते बाजूला,
विषय पुलावर जातो, पुलावरून बोरकरांच्या कुंपणावर,
कुणाच्या आज्यानं कुणाचा माड तोडला इथवर.
आणि या सगळ्याखाली कुठेतरी
रेहाना सोलकरनं साडेसहाला विचारलेलं असतं :
उद्या अम्मीला दवाखान्यात न्यायचंय,
व्हीलचेअर चढेल का तरीवर?
मला ते सापडतं रात्री जेवताना.

काढून टाक त्याला, सगळे सांगतात.
बोट ठेवायचं नावावर, एवढंच तर काम.

लहानपणी रापण ओढून झाली की
आम्ही पोरं जाळ्यात आधी केंड शोधायचो.
काटकीनं टोचलं की फुगायचा,
फुगला की हसायचो, हसलो की अजून टोचायचो,
तो चेंडूएवढा होऊन, दात विचकून
वाळूवर पडलेला, धड मासा नाही, धड राग नाही.
बाबा ओरडायचे,
मेल्यांनो, त्याला टोचून कुणाचं कालवण झालंय?
बांगडे वेचा आधी, ऊन चढतंय.
आणि पायानंच अलगद ढकलायचे त्याला पाण्याकडे.
तिथे तो बराच वेळ तसाच तरंगायचा.
मग कधी बसायचा, आम्ही नाही पाहिलं.
आम्ही बांगडे वेचत असायचो.

बाबासुद्धा पाऊणकीनंच भरती सांगायचे, हे खरं.

तोडणकर रोज सातच्या तरीला येतो.
शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हातात कापडी पिशवी.
मोजून सुट्टे देतो, नोट कधीच नाही.
बरी आहेस ना गो, विचारतो.
तिकीट घडी करून चष्म्याच्या घरात ठेवतो,
कठड्याशी एकटा उभा राहतो,
आणि तर मधल्या पाण्यात पोचते न पोचते
तोच माझा फोन थरथरतो :
आजही तीन मिनिटं उशीर. जबाबदार कोण?
इथून त्याची पाठ दिसत असते मला.

एका रात्री मीही लिहायला बसले.
निवृत्तीनंतर ज्यांना घरात कुणी विचारत नाही, असं सुरू केलं.
मग त्याच्या मुलाबद्दल, जो फोन करत नाही.
मग ते बटण, ती पिशवी, ते मोजके सुट्टे.
चांगलं जमत होतं. एकेक वाक्य नेमकं लागणारं.
अंगठा दुखायला लागला तेव्हा बघितलं,
पडद्यावर मावत नव्हतं इतकं झालेलं,
आणि माझा श्वास वरच्या वर अडकलेला,
गळ्यापर्यंत नुसती हवा.

पुसायलाही वेळ लागला. एकेक अक्षर मागे जात राहिलं.
बाहेर सुकती होती, चिखलाचा वास येत होता.

आता मी आधी रेहानाला उत्तर देते.
फळी लावू, दोन माणसं धरतील, पावणेसातला या.
मग बाकीच्यांना.
उल्हासला खासगीत : खाडी बघायला ये एकदा, मग भांड.
शेवटी त्याला, फक्त एक शब्द : बरं.

बरं वर काय लिहिणार माणूस?
तरी लिहितो.
काल लिहिलं, बरं नव्हे, बरोबर म्हणा.

आज अष्टमी, भांगाचं पाणी.
आठ पाऊणे सहा, हे मीच आधी लिहिलं,
खाली कोष्टकातली वेळही.
सहा वाजून एक मिनिट झालं.
सहा वाजून चार.
काही आलं नाही.
सुट्टे मोजत मी दोनदा फोन बघितला.